भिंतीकडे वळवलेला पोचा

मी एक पोचा बोलतोय. घरात मला पोचा म्हणतात, गॅरेजमध्ये डेंट. करड्या रंगाच्या एका लहान मोटारीच्या मागच्या डाव्या दारावर माझा मुक्काम आहे. आकाराने तळहाताएवढा, मधोमध एक ओरखडा. ज्याच्या जन्माने कुणालाही आनंद झाला नाही, असा माझ्यासारखा प्राणी विरळाच.

माझा जन्म एका दुपारी झाला. जन्मदाते घरातले बाबा. बाबा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. सारी नोकरी त्यांनी बसला एक चरा न पाडता केली, आणि त्याबद्दल मिळालेली पितळी पाटी बैठकीत टीव्हीच्या वर टांगलेली आहे. पाहुणा चपला काढेपर्यंत त्याला ती दाखवून झालेली असते. अशा माणसाने पेट्रोल भरून घरी येताना, स्वतःच्याच फाटकाचा एक दरवाजा नीट न उघडता, गाडी मागे घेतली. उतरून दरवाजा लोटायचा कंटाळा. दुसरं कारण नाही. फाटकाची लोखंडी कडी दारात घुसली आणि मी झालो.

बाबा उतरले. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग खिशातून रुमाल काढला, त्याला थुंकी लावली आणि माझ्या अंगावरचा फाटकाचा हिरवा रंग खसाखसा पुसून काढला. त्यानंतर गाडी पुन्हा बाहेर काढून अशी लावली, की माझं तोंड भिंतीकडे. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा मी उभा. शिक्षा मात्र चुकीच्या माणसाला झाली होती, हे तेव्हा आम्हा दोघांनाच ठाऊक.

संध्याकाळी सूनबाई गाडी शिकायला निघाल्या. शेजारी गुरुजी म्हणून बाबाच. सूनबाई नर्स. गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात त्यांना नोकरी लागली होती, पण पहाटेची पाळी पहिली बस सुटायच्या आधीच सुरू व्हायची. गाडी चालवता आली तरच नोकरी. शिकाऊ लायसन्स हातात होतं, पक्क्याची परीक्षा पुढच्या आठवड्यात. त्यांनी जीव मुठीत धरून गाडी भिंतीपासून बाहेर काढली, फिरवून आणली, परत लावली. मला कुठेही काहीही लागलं नाही. शपथेवर सांगतो, पण पोच्याची साक्ष कोण काढतो?

सकाळी मुलाने गाडी पुसायला भिंतीपासून बाहेर काढली आणि मला पाहिलं.

"हे कुणी केलं?" असं त्याने विचारलं, पण पाहिलं बायकोकडेच. बाबांकडे पाहायचं त्याच्या मनातही आलं नाही. पाटी होती ना भिंतीवर.

सूनबाईंचा चेहरा उतरला. "काल काढताना जरा घासल्यासारखं वाटलं होतं मला," त्या म्हणाल्या. नवशिक्याला सगळेच आवाज आपलेच वाटतात.

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "होतं असं शिकताना."

किती मायेने म्हणाले! सूनबाईंचे डोळे भरून आले. माझा पत्रा आत गेलेला होताच, त्या क्षणी आणखी आत गेल्यासारखं झालं.

पुढचे काही दिवस सूनबाईंनी गाडीला हात लावला नाही. बाबा रोज म्हणत, "चल गं पोरी, एक चक्कर मारू." त्या रोज म्हणत, "नको बाबा, अजून कुठे ठोकायला?" बाबा चहा अर्धा टाकून फाटकाशी जायचे आणि कडी उगाच वरखाली करून परत यायचे.

शेवटी मुलगा गाडी गॅरेजला घेऊन गेला. तिघेही गेले. गॅरेजवाला गोल चेहऱ्याचा, फार गोडबोल्या. त्याने माझ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पोचा काढायला काहीच खर्च नाही हो. खर्च त्याच्यानंतर सुरू होतो."

"म्हणजे?"

"ओरखड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, प्रायमर, रंग, वर चकाकीला लॅकर. बरं, एवढ्याच जागेला रंग दिला तर ठिगळ दिसणार. सबंध दाराला द्यावा लागेल."

"मग द्या सबंध दाराला."

"देतो की. पण मग पुढचं दार जुनं दिसणार."

"आणि पुढच्या दारालाही दिला तर?"

"मग डिकीने काय पाप केलंय?"

त्याने एका कागदावर आकडा लिहिला आणि कागद उलटा करून सरकवला. मुलाने कागद उलटला आणि खुर्ची ओढून बसला. मी एवढासा, आणि माझ्यापायी अर्ध्या गाडीला नवा पोशाख! मला पत्र्याच्या आत तोंड लपवावंसं वाटलं. सोय नव्हती.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "मी ती नोकरी नको म्हणून कळवते. अजून शिकले नाही तोवर ही कथा. रोज त्या रस्त्याने जायला लागले तर घर विकायला काढाल."

गॅरेजवाल्याने माझा खर्च कमीच धरला होता, हे मला तेव्हा समजलं.

"अहो ताई, एवढं काय! विम्यातून करून घ्या," गॅरेजवाला म्हणाला. "चालवत कोण होतं, तेवढं सांगावं लागेल. शिकाऊ माणूस असलं की ते लोक फार उलटतपासणी करतात."

मुलाला एकदम सुचलं. "बाबांचं नाव देऊ. पक्कं लायसन्स, निष्कलंक नोकरी. बाबा, एकदाच खोटं बोला, बास."

"हो काका, तुम्हीच चालवत होता म्हणा. विषय मिटला," गॅरेजवाल्याने दुजोरा दिला.

बाबांना केवढी सोय झाली होती! नुसती मान हलवली असती, तर सुनेसाठी नाव पणाला लावणारा सासरा म्हणून वर कौतुक.

पण सूनबाई मध्ये आल्या. "अजिबात नाही. बाबांच्या नावावर आजवर एक चरा नाही. माझ्या चुकीसाठी ते खोटं बोलणार नाहीत."

बाबांनी माझ्यावर हात टेकवला.

"खोटं नाहीये ते," ते म्हणाले.

"काय खोटं नाही?"

"मीच चालवत होतो. फाटकाच्या कडीला लागली. दुपारी."

मुलगा उठून उभा राहिला. "आणि संध्याकाळी हिने गाडी काढली तेव्हा?"

"तेव्हा हा होताच. मीच भिंतीकडे वळवून ठेवला होता. पोरी, तू भिंतीपासून चांगली वीतभर लांब होतीस. मी बघत होतो."

सूनबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही म्हणालात, होतं असं शिकताना."

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला.

सूनबाईंनी नवऱ्यापुढे हात केला. "किल्ली दे." त्या ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. बाबा सवयीने पुढच्या दाराशी गेले.

"बाबा, तुम्ही मागे बसा."

बाबा माझंच दार उघडून मागे बसले. मुलगा पुढे बसून काही सूचना करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तूही काही बोलू नकोस."

"अहो, रंगाचं काय ठरलं?" गॅरेजवाला पाठीमागून ओरडला.

"राहू दे," सूनबाई म्हणाल्या आणि गाडी बाहेर काढली. कुठे लागली नाही.

त्या परीक्षा पास झाल्या. आता पहाटे आम्ही इस्पितळात जातो. ओरखड्यातून गंज धरू नये म्हणून बाबांनी एक दिवस घरात उरलेला रंग माझ्यावर लावला. उरलेला रंग फाटकाचा होता, हिरवा. जो रुमालाने पुसला, तोच ब्रशने परत आला. करड्या गाडीवर हिरवा ठिपका पाहून लोक विचारतात, हे काय? बाबा म्हणतात, "ते माझं." पाटी दाखवून झाली की पाहुण्यांना आता ते गाडीपर्यंतही आणतात.

सूनबाई त्यांच्याशी बोलतात, औषधाची आठवण करतात, चहाही हातात देतात. पण गाडीत बाबांची जागा अजून मागेच आहे. ते माझ्या दाराला टेकून बसतात, आणि आतून त्यांची बोटं मला चाचपत राहतात.

परवा मुलगा म्हणत होता, हात जरा मोकळा झालाय, तो पोचा काढून टाकू. काढा बापडे, माझी हरकत नाही. फक्त एवढी एक विनंती आहे. एखाद्या दिवशी सूनबाई हात लांबवून पुढचं दार उघडतील आणि म्हणतील, "बाबा, पुढे या." तोवर थांबा. त्यानंतर खुशाल हातोडा चालवा.