वेदीमागचा काळोख

चैत्राचं ऊन खाडीवरून चालत यायचं, ओल्या वाळूत पाय पुसायचं आणि चर्चमध्ये शिरायचं. वसईकडच्या त्या कोळीवाड्यात चर्चला देऊळच म्हणतात. उंच गवाक्षातून उतरणारी ती सुवर्णधूसर, मीठगंधी तिरीप वेदीवर पोचली की वेदीमागचं चित्र जागं व्हायचं.

नीलवसना, चंद्रारूढा मरियामाता. भोवती गुलाबी देवदूत. पोटं सुटलेली, तरी उडायची हौस दांडगी. आणि त्या सगळ्या झळाळीच्या मागे काळोख. घनगर्द, तैलस्निग्ध, तीनशे वर्षांचा काळोख.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या दुपारी, समुद्रावर गेलेल्यांच्या बायकांनी मलमलीच्या बोळ्यानं चित्राला खोबरेल लावायचं, ही गावाची रीत. का, ते कुणी विचारलं नाही. लेकराच्या टाळूला तेल घालताना कोण विचारतं?

नातालीन बारा वर्षं लावत होती. बारा वर्षांपूर्वी तिचा सांतान होडी घेऊन गेला. होडी आली नाही, सांतान आला नाही, वल्हंसुद्धा वाहत आलं नाही. त्याच वर्षी तेलाचा हात फिरवताना, मातेच्या पावलांखालच्या काळोखात तिला तो दिसला. रुंद कपाळ, वाकडं नाक, हसू फुटण्याआधीचे ओठ. तेल वाळलं की पुसट, तेल लागलं की जवळ.

फादर म्हणायचे, "नातालीन, सांतानच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा वाचू या आता."

"मेलेल्यांचा वाचतात, फादर. हा तर जेवून उठल्यासारखा दिसतो."

यंदा मुंबईहून मृणाल आली. जुनी चित्रं बरी करणारी मुलगी. परांची बांधली, भिंग लावलं, आणि हळूच म्हणाली, "मावशी, हा काळोख चित्रकाराचा नाही. तुमच्या तेलाचा आहे. तेलावर धूळ, धुळीवर मेणबत्त्यांची काजळी. खाली काहीतरी रंगवलंय."

आधी औषधानं थर सैल करायचा, मग काडीला गुंडाळलेला कापूस जिभेवर ओला करून पुसायचं.

"काय गो, थुंकी? देवाच्या आईला?"

"थुंकीइतकं मऊ औषध नाही, मावशी."

"मग माझ्या सासूचा तोंडपट्टा उगाच वाया गेला."

काळोख उतरू लागला. एका देवदूताला पाऊल फुटलं, एका ढगाला कड आली. काळे बोळे परातीत साचत गेले, जळक्या फुलांसारखे. शेवटी मातेच्या पावलांखाली तळहाताएवढा अंधार उरला. मृणालनं त्यावर औषध फिरवलं, कापूस जिभेला लावला.

"थांब!" नातालीन लुगडं खोचून परांचीवर चढली होती. "तिथं माझा माणूस आहे. मी पुसते."

मृणाल हसली नाही. तिनं नवी काडी पुढे केली.

नातालीननं कापूस जिभेवर ठेवला. कपाळ पुसलं. कापूस जिभेवर. वाकडं नाक पुसलं. प्रत्येक वेळी नवा, कोरा कापूस, प्रत्येक वेळी जीभ अधिक खारट. कोरड्या ठणठणीत देवळात, कोरड्या फळीवर, समुद्राची खारट चव. ओठ शेवटी गेले. जाताना हसले, की ऊन हललं?

काळोखाखाली रंगवलेला समुद्र होता. राखाडी-हिरवा, निःशब्द, निवात. त्यावर एक होडी.

"तीनशे वर्षांची होडी!" मृणाल कुजबुजली. "पण रिकामी. आत कुणी रंगवलंच नाही."

नातालीननं डोळा जवळ नेला. ती होडीवाल्याची लेक, होडीवाल्याची बायको. रिकामी होडी पाण्यावर करवंटीसारखी तरंगते, उथळ, उनाड. ही तशी नव्हती. हिचं नाक वर उचललेलं, मागचं टोक खोल रुतलेलं; पाणी काठाखाली दोन बोटांवर. एका धडधाकट पुरुषाच्या वजनाएवढं.

"रिकामी होडी अशी बसत नाही, पोरी."

मृणालनं भिंग पुन्हा होडीवर धरलं. नातालीन मात्र खाली उतरली, तोंड न धुता, ती खारट चव जिभेवर तशीच ठेवून, आणि थेट फादरांकडे गेली. "वाचा मिस्सा," ती म्हणाली. "फार दिवस बसलाय बिचारा. उतरू दे त्याला."

मिस्सा झाला. पण यंदाचं तेल तर आणलेलं होतं, आणि चित्राला आता लावायचं नव्हतं. ते तिनं वेदीच्या दिव्यात ओतलं. अजूनही ओतते.

ज्योत हलते. ज्योतीबरोबर रंगवलेलं पाणी हलतं, लाट हलते, मातेच्या निळ्या वस्त्राची किनार हलते. होडी हलत नाही. भरलेली होडी हलत नाही.