पांढरी तार, हिरवी तार

मित्रांनो, मी एक सिरीयल कन्व्हर्टर आहे. आता जुना झालोय, स्वस्तातला मात्र जन्मापासूनच. यंत्राच्या पोटातल्या चिपा तारेवरून जे बोलतात, ते मी संगणकाच्या पडद्यावर अक्षरांत उमटवतो. पांढऱ्या तारेने ऐकायचं आणि हिरवीने बोलायचं, अशी आमच्यातली रीत. माझ्या कारखान्यात घाईगर्दीत या दोन तारा उलट जोडल्या गेल्या. मला बिचाऱ्याला ते कुठून कळणार?

दुरुस्तीवाल्या ताईने महागडे कन्व्हर्टर पाहून नाक मुरडलं. नुसतं ऐकायचं तर आहे, त्याला सोन्याचे कान कशाला, म्हणत तिने मला घेतलं. मी अगदी हरखून गेलो.

माझ्या पहिल्याच दिवशी एक मुलगी बोलकी पेटी घेऊन आली. आजाराने वाचा जायच्या आधी तिच्या आईने त्या पेटीत स्वतःच्या आवाजात वाक्यं भरून ठेवली होती. आई गेल्यावरही मुलगी रोज बटण दाबायची आणि पेटी विचारायची, "जेवलीस का गं?" आता पेटी मुकी झाली होती.

ताईने रंग पाहून मला जोडलं. पडदा कोराच राहिला. पेटी माझ्या बोलायच्या तारेवर हाका मारत होती आणि त्या तारेने मला ऐकता येत नव्हतं. आतलं सगळं गेलं, असं ताईने हळूच सांगितलं. मुकी पेटी घरी न्यायचं मुलीच्या जिवावर आलं. तिने ती ताईकडेच ठेवली आणि पुढे पेटी भंगाराच्या पोत्यात गेली.

नंतर एका कोऱ्या, धडधाकट सर्किट बोर्डापुढेही मी गप्प राहिलो, तेव्हा ताईला शंका आली. तिने तारांची अदलाबदल केली आणि पडद्यावर अक्षरांचा लोंढा आला. ताई चपलाही न घालता भंगारवाल्याकडे धावली. पेटीचा चुरा झाला होता.

काही दिवसांनी मुलगी टेबलफॅन घेऊन आली. ताईला गप्प बसता आलं असतं, पण तिने सगळं सांगितलं.

मुलगी बराच वेळ फॅनच्या जाळीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी इथे बसले होते, तेव्हा आई आत होती?"

"होती," ताई म्हणाली.

तेव्हापासून तार मोकळी असली तरी मला तिच्यावर कुणीतरी असल्यासारखं वाटतं. मला भीती वाटते.

मित्रांनो, स्वस्त म्हणून मला खुशाल घ्या. पण आधी चालत्या बोर्डावर पारखा, आणि कुणाला मेलेलं ठरवण्याआधी तारा एकदा बदलून पाहा. माझ्यासारखे बाजारात ढिगाने मिळतील. त्या मुलीला आई एकच होती.