पळीभर दही

सोजरबाईचं दही इतकं घट्ट लागायचं की एकदा मांजर मडक्यात पडलं आणि पाय न भिजवता चालत बाहेर आलं. मंद्रूप गावात ज्याला हे पटत नाही, त्यानं मांजराला विचारावं. तेच मडकं चौऱ्याहत्तर साली सोलापूरच्या एका इस्पितळात खाटेखाली होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला.

खाटेवर नात, सात वर्षांची रंभा. पोरीच्या छातीत जन्मापासून हातमाग चालायचा. पाठीवर हात ठेवला की बोटांना घरघर लागायची. गोठ्यातली म्हैस म्हणे त्याच ठेक्यावर रवंथ करायची. पण चार पावलं पळाली की पोर धापा टाकत मटकन बसायची. काळजाजवळची एक नळी जन्मल्यावर आपसूक मिटते, हिची उघडीच राहिली होती. ती नळी ऑपरेशन करून रेशमाच्या दोऱ्यानं बांधायची होती. बांधणारे डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा पुण्याहून यायचे आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे.

रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असा हुकूम होता. सोजरबाईनं तो असा पाळला की पाण्याचा तांब्यासुद्धा उशाखाली घेऊन झोपली. पण सकाळी आठला, नेण्याच्या आधी, तिनं पोरीच्या तळहातावर दही ठेवलं. चांगल्या कामाला निघताना कुणी कोरड्या हातानं निघतं का? ते खाणं थोडंच, तो शकुन. पोरीनं हात चाटला.

शकुंतला सिस्टर आल्या. “काही दिलं नाही ना?”

“थेंब न्हाय,” सोजरबाईचा लेक महिपती म्हणाला. तो तोंड धुऊन नुकताच आला होता.

“बरं. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. मग पोर हाती लागत नाही.”

पोरीला चाकाच्या गाडीवर घेतलं. म्हातारी मागे मागे. पदराला गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. बोलावं तर डॉक्टर गाडी धरून पुण्याला जाणार, आणि तीन महिने ही पोर काढील का? न बोलावं तर… तिनं भिंतीला हात लावला, काढला. पाय एका जागी ठरेनात. चप्पल कधी सुटली तेही कळलं नाही. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी चाकाची गाडी वळली तशी तिनं दांडी धरली.

“थांबा. दही दिलंया मी.”

पुण्याचे डॉक्टर हात धुऊन बाहेर आले. “किती?”

सोजरबाईनं नखाचं टोक दाखवलं.

“आजी.”

तिनं अर्धं बोट दाखवलं. डॉक्टर बघतच राहिले. “पळीभर,” ती म्हणाली. “पोरगी म्हणली आणखी दे.”

“आये, शकुनानं मारतीस व्हय पोरीला?” महिपती म्हणाला.

“म्हणून तर बोलले की. न बोलता मारली असती.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. “सहा तास पोट रिकामं हवं. दोनला घेऊ. आणि आजींना बाहेर बसवा, मडक्यासकट.”

“गाडी चुकंल की तुमची.”

“चुकू दे.”

ते सहा तास सोजरबाई इतकी चालली म्हणे, की सरळ चालली असती तर मंगळवेढा गाठून परत आली असती. बसली म्हणून कुणी पाहिली नाही.

चार वाजून गेल्यावर डॉक्टर आले. गाठ बसली होती. संध्याकाळी सिस्टरनी म्हातारीला खाटेपाशी नेलं. तिनं पोरीच्या पाठीखाली अलगद हात सरकवला आणि तिचा चेहरा उतरला.

“बंद पडलं की वो.”

“तेच बंद पडायला हवं होतं. नीट बघा.”

तिनं श्वास धरला. घरघर नव्हती. तिच्या जागी चिमणीनं दाणे टिपावेत तसं काही हलकंसं, एकसारखं, बोटांना लागत होतं. मग कुठं म्हातारीनं बूड टेकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॅग घेऊन निघाले, तर जिन्यापाशी सोजरबाई मडकं धरून उभी. मडक्याचं फडकं काही सोडेना. डॉक्टरांनी आपणच हात पुढं केला.

“निघतोय आजी. शकुन नाही का?”

सोजरबाई जराशी मागं सरली.

“देते की. पण आदी सांगा, तुमाला कुणी भूल देणार न्हाय न्हवं आज?”