कानाच्या टोकाचं रक्त

"मावशी, तुम्ही डॉक्टर की मी?" डॉक्टरांनी विचारलं, तेही कंपाउंडरसमोर.

प्राण्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं रक्त तपासणाऱ्या बाईंना 'मावशी' झोंबलं. बहिणीची पोरं प्रेमानं म्हणत. हा कालचा पोरगा तोंड बंद करायला म्हणायचा.

टेबलावर कुत्रं निपचित पडलं होतं, हिरड्या पांढऱ्याफटक. गोचीडतापाच्या तपासणीपट्टीवर काहीच निघालं नव्हतं. पण ती पट्टी एकाच जंतूची. रक्तपेशीत घुसून बसणारा दुसरा चोर तिला दिसत नाही. बाईंनी मुकाट कुत्र्याच्या कानाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर ओढला. तिथल्या बारीक नसांत तो हमखास सापडतो. काच रंगवली, आणि सापडलाच: तांबड्या पेशींत जांभळे ठिपके, जोडीजोडीनं.

"डॉक्टर, एकदा डोळा लावून बघा तरी."

"या जमान्यात काचा कसल्या रंगवताय? याचं शरीरच स्वतःचं रक्त खातंय. स्टिरॉइड चालू केलंय मी."

बाई रागानं लॅबमध्ये येऊन बसल्या. मरू दे, म्हणाल्या, माझं काय जातंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रं गेलं. त्याचा मालक, म्हातारा निवृत्त ट्रकड्रायव्हर, तडक लॅबमध्ये घुसला. "तुमचा रिपोर्ट उशिरा आला म्हणून गेलं माझं पोर! डॉक्टर काय करणार बिचारे?"

दारात डॉक्टर मान हलवत उभे होते. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बसा. बघा. ही जांभळी जोडी दिसते? हाच तुमच्या कुत्र्याचा आजार. यावर औषध आहे."

मग काच काढून त्यांनी म्हाताऱ्याच्या हातात दिली. कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं: तारीख, कान, दुपारी सव्वाबारा. शाई स्पिरिटनं जाते, पेन्सिल जात नाही. वेळ लिहायच्या या सवयीला सगळा दवाखाना हसायचा.

"कालचं सव्वाबारा," म्हातारा म्हणाला. वळून बघतो तर दारात कोणी नव्हतं. डॉक्टरांनी काढता पाय घेतला होता.

बाईंना वाटलं, जिंकले.

"म्हणजे तुम्हाला कालच ठाऊक होतं," म्हातारा त्यांच्याकडे बघत म्हणाला. "मग मला का नाही सांगितलंत? मी संध्याकाळपर्यंत बाहेर बाकावरच होतो की."

म्हाताऱ्यानं काच टेबलावर ठेवली आणि तो गेला. उघड्या दारातून ते बाक दिसत होतं. दहा पावलंसुद्धा दूर नव्हतं.