पलंगावरचे व्यायाम

आमच्या आईसारखी हट्टी बाई अख्ख्या नौपाड्यात दुसरी नसेल, आणि असलीच तर तिच्या लेकीची मला कीव येते.

श्रावणात शाळेच्या जिन्यावरून नकाशे घेऊन उतरताना माझा पाय घसरला आणि कंबर अशी दुखावली की मी पलंगालाच खिळले. कल्याणच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर मोठ्या मिनतवारीने मिळालेली ती नोकरी. दिवाळीपर्यंत जागा ठेवते, असं मोठ्या बाईंनी कळवलं होतं. तोवर उभं राहता आलं तर ठीक, नाहीतर दुसरी कुणी.

डॉक्टरांनी हेमा कर्णिकांना घरी पाठवलं. मुंबईच्या इस्पितळात त्या व्यायाम देऊन माणसं उभी करायच्या, शनिवारी ठाण्यात यायच्या. हाड शाबूत आहे, पोटाचे नि पाठीचे स्नायू तेवढे ढिले पडलेत, म्हणाल्या. स्वतः जमिनीवर सतरंजी घालून उताण्या झोपल्या, गुडघे उभे केले, श्वास सोडत पोट आत ओढलं आणि कंबर जमिनीला टेकवून दाखवली. गादीवर मात्र मुळीच करायचं नाही, कंबर रुतते आणि सगळी मेहनत फुकट, असं आईला बजावून गेल्या.

त्यांची पाठ वळताच आईने सतरंजी गुंडाळली. आजारी माणसाला पलंगावरून खाली घेतात ते शेवटच्या घटकेला. दादांनाही तिने याच पलंगावरून खाली घेतलं होतं, तोंडात गंगाजळ घातलं होतं. ती जागा दाखवून म्हणाली, "इथे तुला निजवू? मी जिवंत असताना?"

मी भांडले, रडले, आदळआपट केली. पडल्यापडल्या आदळआपट ती काय होणार, कपाळ! शेवटी आईने स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. खाली उतरायचं नाही, हेमाबाईंना सांगायचंसुद्धा नाही. अशी शपथ मोडली की घालणाऱ्याच्या जिवावर बेततं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. वडील तर गेलेलेच, आता आईला कोण पणाला लावणार?

मग मी त्या कापसाच्या गादीवरच इमानेइतबारे पोट आत ओढत राहिले. शनिवारी हेमाबाई विचारायच्या आणि माझं तोंड उघडायच्या आत आई सांगायची, आत्ताच झाले हो जमिनीवर, दमलीय ती. बाई माझे पाय उचलून बघायच्या आणि बुचकळ्यात पडायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, माझंच काहीतरी चुकलंय, हाडालाच इजा असणार. कमरेला पट्टा देऊन गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. त्यांचा तो ओशाळा चेहरा आठवला की अजून जीव तुटतो.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई नाथा निरोप घेऊन आला. माझ्या जागी नव्या बाई घेतल्या होत्या. आईने त्याला फराळाचं दिलं. तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. मग सतरंजी घेऊन बाहेर आली, दादांना खाली घेतलं त्याच जागी ती अंथरली आणि स्वतः तिच्यावर आडवी झाली.

"आधी मी निजते. न्यायला कुणी आलंच तर मला नेऊ दे. तू नंतर ये. शपथ सुटली."

माझं डोकंच फिरलं. हे दिवाळीआधी का नाही सुचलं, असं मी तिला फाडकन विचारलं.

आई आढ्याकडे बघत म्हणाली, "तू जगावीस, एवढंच डोक्यात होतं गं. तुझी नोकरी मला दिसलीच नाही."

पलंगाचा कठडा धरून मी कशीबशी खाली उतरले, तिच्या शेजारी झोपले, गुडघे उभे केले. जमीन गार होती. श्वास सोडत पोट आत ओढलं, आणि कंबर अलगद टेकली. पहिल्याच खेपेला टेकली. हाडबीड काही मोडलेलं नव्हतं.

मी हमसून हमसून रडायला लागले. आईला वाटलं, दुखतंय.