कन्नडबंदी

महांतेशच्या सरकी-पेंडीच्या दुकानात गिऱ्हाईक कन्नडात बोललं तर तो कन्नडात बोलायचा, मराठीत बोललं तर मराठीत, आणि हैदराबादकडचा ट्रकवाला आला तर मोडक्यातोडक्या हिंदीत. नळदुर्गात याचं कुणाला नवल नाही. पण दिवाळीनंतर या गड्याने स्वतःच्या घरात मात्र कन्नड बंद करून टाकली. चांगलं दरडावून.

कारण होती शिवरंजनी, त्याची नववीतली एकुलती एक लेक. शाळेत एका तासाला चारदा जागेवरून उठायची. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची, आणि तेही बहुतेक वेळा भलतंच. तीन कंपासपेट्या हरवल्या, उत्तरपत्रिका अर्ध्या कोऱ्या. एक दिवस बाईंनी सगळ्या वर्गासमोर बिनडोक म्हटल्यावर तिने वही खिडकीबाहेर भिरकावली, तेव्हा बापाला बोलावणं आलं.

"घरी कन्नड बोलता ना?" बाई म्हणाल्या. "दोन भाषांत पोरीचा गोंधळ होतो. मग लक्ष कसं लागणार?"

महांतेशला हे पटलं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. दोष कशावर तरी ढकलता आला, आणि तो दोष बंद करता येण्यासारखा निघाला. घरी येऊन त्याने आईला, लक्ष्मम्माला, बजावलं की आजपासून नातीशी एक अक्षर कन्नड बोलायचं नाही, पोरीचं नुकसान होतंय. हे त्याने कन्नडातच सांगितलं, कारण तिला मराठी बाजारापुरतीच येत होती. आपण काय करतोय हे त्याच्या तेव्हाही ध्यानात आलं नाही.

त्याआधी रोज संध्याकाळी लक्ष्मम्मा सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसायची आणि शिवरंजनी हातात वही धरून तिच्याभोवती फेऱ्या मारायची. एक गणित झालं की म्हातारी मान वर न करता विचारायची, "मुंद?" म्हणजे पुढं? पोरगी पुढचं घ्यायची. म्हातारीला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. महांतेशला तर हे सगळं थोतांड वाटायचं. अभ्यास करताना कुणी फिरतं का?

आता पोरगी कोपऱ्यात टेबलाशी बसू लागली. म्हातारी गप्प झाली. नातीला हाक मारायची वेळ आली की नुसता हात हलवायची. दोन महिन्यांत वह्यांची कोरी पानं वाढली, शिवरंजनीने एकदा जेवणाचं ताट भिंतीवर मारलं आणि महांतेशने तिच्यावर तीनदा हात उचलला. जानेवारीत मुख्याध्यापकांनी शेवटचं सांगितलं. गणिताची वही सोमवारपर्यंत पुरी करून आणा, नाहीतर दाखला घेऊन जा.

"अवं, पोरगी पहिल्यापरीस जास्तच बिघडायलीय," त्याची बायको महानंदा म्हणाली. "कुणाला तरी दाखवू की. धाराशिवला मनाचे डॉक्टर बसतात म्हनं."

"माझी पोरगी येडी न्हाय," महांतेश म्हणाला. पण शनिवारी दुकान बंद ठेवून त्याने एसटीची तीन तिकिटं काढलीच.

डॉक्टरीणबाईंनी शिवरंजनीशी बराच वेळ एकटीशी बोलून मग आईबापांना आत घेतलं. "ही मुद्दाम करत नाही," त्या म्हणाल्या. "लक्ष लागतं, पण मध्येच सुटतं. सुटलं की परत आणणं तिला एकटीला जमत नाही. मग चिडते. याचं पक्कं नाव सांगायला अजून दोनतीनदा यावं लागेल. पण मारून हे जाणार नाही, हे आजच सांगते."

"कन्नडामुळं व्हायलंय का ते?" महांतेशने विचारलं.

"भाषेचा काय संबंध?" बाई चक्रावल्या. मग पोरीकडे वळल्या. "तुझा अभ्यास पुरा कधी व्हायचा गं?"

शिवरंजनी खुर्चीचा हात नखाने खरवडत होती. "अज्जी मुंद म्हनायची तवा."

परतीच्या वाटेवर तुळजापूर येऊन गेलं तरी महांतेशच्या डोक्यात तेच घोळत होतं. मारल्याचं वाईट वाटत होतंच. पण जे औषध घरात फुकट चालू होतं ते आपणच बंद पाडलं, याची लाज त्याहून मोठी होती.

रविवारी दुपारी त्याने सूप आईपुढे ठेवलं, लेकीच्या हातात वही दिली आणि म्हणाला, "अव्वा, बोल तिच्याशी. कन्नडात बोल. माझं चुकलं."

लक्ष्मम्माने मान हलवली. तिने दोन महिन्यांत जमवलेली मराठी बाहेर काढली. "न्हाय. माझं बोलनं वाईट. पोरीची शाळा जाईल."

तिला ते खरं वाटत होतं. पोराने सांगितलं होतं ना. महांतेशने डॉक्टरांचं नाव घेतलं, विनवण्या केल्या, पण म्हातारीचे ओठ मिटलेलेच. शिवरंजनीने एक गणित सोडवलं. दुसऱ्याच्या मध्यावर तिची नजर खिडकीकडे गेली आणि तिथेच राहिली. पाच मिनिटं गेली. सत्तावीस गणितं बाकी होती.

शेवटी महांतेशच पुढे झाला आणि जमेल तितक्या मायेने म्हणाला, "मुंद?"

शिवरंजनी दचकली. वही खाली पडली, दोन्ही हात डोक्यावर गेले. "करते अप्पा, करते, मारू नका."

लक्ष्मम्मा उठली तशा सुपातल्या शेंगा घरभर झाल्या. ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि दोन महिने गिळलेली सगळी कन्नड तिने पोराच्या तोंडावर फेकली. लेकराला भ्यायला शिकवलंस, आता माझा शब्द उसना घेतोस होय? जा बाहेर.

महांतेश बाहेर जाऊन पायरीवर बसला. मग आतून शेंगा गोळा केल्याचा आवाज आला, एक शेंग फुटली, आणि म्हातारी हळूच म्हणाली, "मुंद?"

पोरगी लगेच उठली नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिची पावलं वाजायला लागली. महांतेशला आत जाऊन बघावंसं फार वाटलं. पण आपण दारात दिसलो की ती पावलं थांबतील, हे त्याला आता कळलं होतं. तो पायरीवरच बसून राहिला.