कटरबाईंचं माप

१९९३ साल होतं. टीव्हीवर मालिका मोजक्याच लागत, त्यामुळे एकच मालिका सगळ्यांना पाठ असे. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यातही इस्त्रीच्या टेबलावर टीव्ही होता. गुरुवारी दुपारी चारला बाराही मशिनं थांबत. मालकीणबाईंची अट एकच, डोळे टीव्हीवर असले तरी हात बटणांवर हवेत. त्या अर्ध्या तासातली बटणं पुष्कळदा उसवून पुन्हा लावावी लागत, ते निराळं.

मालिका एका वकीलबाईंची होती. नवरा गेल्यावर त्यांनी मनाला कुलूप घातलेलं, आणि समोरच्या घरातला भला माणूस ते उघडायची वाट पाहत बसलेला. बायका हातातल्या नव्या शर्टांनाच डोळे पुसत.

एक कटरबाई तेवढ्या बघत नसत. कापायच्या टेबलाशी उभ्या, मान खाली, कात्री चालू. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. तेव्हापासून अठरा वर्षं त्या धाकट्या भावाच्या घरी राहत होत्या आणि मुलीला वाढवत होत्या. हसणं बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. भिंतीवरच्या खिळ्याला त्यांच्या स्वतःच्या मापाचं जुनं पेपर कटिंग, म्हणजे कागदी साचा, टांगलेलं असे. स्वतःचे कपडे त्या अजून त्याच कागदावर बेतत. खांद्यात काचे, हात पुरता वर होत नसे, पण अंगाला टेप लावू देतील तर शपथ.

दर गुरुवारी मशिनांना तेलपाणी करायला मशीनवाले येत. विधुर, शांत माणूस. मागल्या गुरुवारी त्यांनी सरळ विचारलं होतं, "उरलेली वर्षं एकत्र काढू या का?" कटरबाईंनी उत्तर दिलं नव्हतं. पण भिंतींना कान असतात, आणि तिथं तर बारा मशिनं होती.

"मशीनवाल्यांचं तेल हल्ली कापायच्या टेबलाला फार लागतं गं."

"टेबलाला कुठं तेल लागतं?"

"तेच तर म्हणते मी."

रविवारपर्यंत ही गोष्ट भावाच्या कानावर गेली. गुरुवारी चारच्या सुमारास तो कारखान्यातच आला.

"ताई, घरी चल. आणि मशीनवाले, तुम्ही यापुढे इथं यायचं नाही. ताई, हे असलं करायचं असेल तर माझ्या घरात तुला जागा नाही."

मशीनवाले तेलाची कुपी हातात धरून उभे राहिले. कटरबाईंची कात्री थांबली. तेवढ्यात टीव्हीवर त्या भल्या माणसानं वकीलबाईंना विचारलंच. सगळ्यांच्या माना वळल्या. भावाचीही नजर तिकडे गेली.

"थांब, एवढं होऊ दे," तो बहिणीला म्हणाला, आणि त्यानं रुमाल काढला.

वकीलबाईंनी मान वर केली, ओठ उघडले, आणि काजमावशीनं उठून टीव्ही बंद केला. काजमावशी म्हणजे तीस वर्षं काजं करणारी, कारखान्यातली सर्वांत वडील बाई.

"अगं मावशी, बंद काय केलास!"

"तिचा होकार ऐकायला जीव चाललाय ना तुमचा? मग इथं चार हातांवर ही उभी आहे, तिच्याबद्दल कुजबुज का?"

"मावशी, ती मालिका आहे," भाऊ म्हणाला.

"म्हणूनच तू रुमाल काढलास. तिथं उदार व्हायला काही लागत नाही. हिनं तुला हाताला धरून शाळेत नेलं. तुझ्या डोळ्यांतलं पाणी वकीलबाईंसाठी आणि हिच्यासाठी फक्त दरवाजा?"

भाऊ रुमालाची घडी करत राहिला. बायकांच्या माना खाली गेल्या. मावशी कटरबाईंकडे वळली.

"आणि तू गं? नव्या मुलींना तूच शिकवतेस ना, स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हात उचलला की खांदा हलतो? मग अठरा वर्षं त्याच कागदावर का बेततेस स्वतःला?"

खिळ्यावरचं पेपर कटिंग कटरबाईंनी काढलं, टेबलावर ठेवलं आणि मोठ्या कात्रीनं मधोमध कापलं. सगळ्या जणी थक्क झाल्या. कापडाच्या कात्रीनं कागद कापला की धार जाते, आणि तसं कापणाऱ्या मुलीला कटरबाई घरी पाठवत.

गळ्यातला टेप त्यांनी मावशीच्या हातात दिला. "घे माप. खांद्यापासून."

मग भावाला म्हणाल्या, "मी लग्न करणार आहे. तू आलास तर मला फार आनंद होईल. नाही आलास तरी करणार आहे."

आणि मशीनवाल्यांपुढे कात्री धरली. "धार गेली असेल. लावून आणाल?"

"आजच आणतो," ते म्हणाले.

नोंदणी कार्यालयात भाऊ सर्वांत शेवटी पोहोचला, पण साक्षीदार म्हणून सही पहिली त्याचीच पडली. पुढं त्याच्या विधवा मेहुणीसाठी स्थळ शोधत तोच चपला झिजवत होता. कटरबाई आणि मशीनवाले बावीस वर्षं एकत्र राहिले. ते गेल्यावर त्या रडल्या, पण कुलूप काही पुन्हा घातलं नाही. कापायचं टेबल आता लेक सांभाळते. काजमावशीचं बोटात घालायचं अंगुस्तान तिच्या खणात आहे. वकीलबाईंचं उत्तर बायकांना त्या दिवसानंतरच्या गुरुवारी कळलं, तेव्हा त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही.

वाचकहो, पडद्यावरच्या परक्या बाईला आपण जेवढी माया देतो, तेवढी आपल्या घरातल्या बाईला द्यायला काय हरकत आहे? तिला तिचं माप नव्यानं घेऊ द्या. आणि टेप तिनं तुमच्या हातात दिला, तर तो सैल धरा.